मिठाचें कुंपण आणि सोन्याची लगड

गेल्या आखाजीस आमच्या जळगांवच्या घरीं नेहमींप्रमाणें माहेरवाशिणी जमल्या होत्या. अंगणांतील निंबाला झोके बांधले होते, खापरावरचे मांडे झाले होते, आणि जेवणें उरकून आम्ही पुरुषमंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत दुबईस नोकरीस असलेल्या पुतण्याचा फोन आला. "काका, दिवाळीला आम्ही दोघें येतों आहोंत. इकडे सोनें स्वस्त पडतें. किती आणलें तर कस्टमवाले अडवणार नाहींत, तें तुम्ही जरा विचारून ठेवाल का?" मीं हो म्हटलें. फोन ठेवल्यावर आमचे वडील बंधु हंसून म्हणाले, "अरे, समुद्र राहिला सव्वाशें कोसांवर. आपला आणि कस्टमचा संबंध आला कोठून? आणि तूं मास्तर. तुला काय विचारतो तो!"

बंधूंचें म्हणणें पुष्कळांस पटेल. कस्टम म्हटलें कीं मुंबईचें बंदर, विमानतळ आणि पांढऱ्या गणवेषांतील अधिकारी एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. समुद्र नाहीं तेथें कस्टम नाहीं, अशी आपली समजूत असते. परंतु जकात चुकविणारांना पकडण्यासाठीं या देशांत उभारलेली सर्वांत लांब आणि सर्वांत विलक्षण यंत्रणा समुद्रापासून शेंकडों मैल आंत होती, आणि ती आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावरून, बऱ्हाणपुरावरून, जात होती. दुसरें असें कीं, माझ्या स्वतःच्या आजोळीं एकदां कस्टमचे अधिकारी आले होते. या दोन्ही गोष्टी वाचकांस सांगाव्या असें त्या दिवसापासून मनांत घोळत होतें.

पहिली गोष्ट मिठाची. इंग्रजी अमलांत मीठ ही सरकारी उत्पन्नाची मोठी बाब होती, पण मिठावरील कर सर्वत्र सारखा नव्हता. १८७० च्या सुमारास मुंबई इलाख्यांत दर मणास एक रुपया तेरा आणे, उत्तर हिंदुस्थानांत तीन रुपये आणि बंगाल्यांत सव्वातीन रुपये असे दर होते. खानदेश १८१८ पासून मुंबई इलाख्यांत. बऱ्हाणपूर आणि निमाड मध्यप्रांतांत. म्हणजे रावेरच्या बाजारांतलें मीठ तापीच्या कांठानें आठ-नऊ कोस पुढें नेलें कीं मणामागें एक रुपया तीन आणे कर अधिक बसे. मीठ तेंच, पोतें तेंच, बैल तेच. फक्त मुलूख बदलला. असा फरक जेथें पडतो तेथें रात्रीं आडवाटेनें जाणारा मनुष्य निघतोच, आणि तो नेहमीं अट्टल चोर असतो असेंही नाहीं. मीठ गरिबासही लागतें.

हें चोरटें मीठ अडविण्यासाठीं सरकारनें देशाच्या मध्यावरून एक जकातरेषा आंखली. १८६९ सालीं ती सिंधुनदापासून महानदीपर्यंत सुमारें तेवीसशें मैल लांब होती, आणि तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसें राबत होतीं. एवढ्या लांबीला माणसांचा पहारा पुरेना, तेव्हां प्रथम वाळक्या काट्यांचें कुंपण घातलें. त्या कुंपणाची रड आपल्याकडील शेतकऱ्यास सांगण्याचें कारण नाहीं. एका मैलाला सुमारें अडीचशें टन काटेरी फांद्या लागत. त्या दूरवरून गाड्यांनीं आणाव्या. मग पावसानें कुजाव्या, वाळवीनें खाव्या, वावटळीनें उडवाव्या, आणि एखाद्या रात्रीं वणवा येऊन मैलच्या मैल कुंपणाची राख व्हावी! म्हणून जिवंत झाडांचें कुंपण लावण्याची कल्पना निघाली. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर, ज्या जमिनींत जें धरेल तें लावलें. १८६७ ते १८७० पर्यंत या खात्याचे कमिशनर असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं या कामीं विशेष मेहनत घेतली. चांगलें माजलेलें कुंपण दहा ते चौदा फूट उंच व सहा ते बारा फूट जाड असे. पुढें तें सिंधुकांठच्या लय्या गांवापासून तापीकांठच्या बऱ्हाणपुरापर्यंत, कोठें हिरवें, कोठें वाळकें, कोठें दगडी भिंत, असें अकराशें मैलांहून अधिक लांब झालें. ज्यांनीं तें पाहिलें त्यांना चीनच्या भिंतीची आठवण झाली.

हेच ह्यूमसाहेब १८८५ सालीं काँग्रेसच्या स्थापनेंत अग्रभागीं होते. आणि त्या काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्यें आपल्याच फैजपुरास, बऱ्हाणपुराहून पंधरा-सोळा कोसांवर, भरलें. इतिहासालाही थट्टेची हौस असते. असो.

रेषेवरील काम कसें चाले तें पाहण्यासारखें आहे. एका काळीं तिचे एकशें दहा विभाग होते व एकंदर १,७२७ चौक्या होत्या. वाट जेथें कुंपण ओलांडी तेथें चौकी. माणूस, जनावर, गाडी, कोणासही थांबल्यावांचून आणि झडती दिल्यावांचून पलीकडे जातां येत नसे. मधल्या भागांत शिपाई रात्रंदिवस फेऱ्या घालीत. मीठ चोरणारांच्या युक्त्या दोन प्रकारच्या. एक गरिबाची: अलीकडून पोटली भिरकावावी, पलीकडे साथीदारानें उचलावी. दुसरी टोळ्यांची: वाळक्या कुंपणाचा कच्चा भाग हेरून मीठ लादलेले उंट किंवा गुरें एकदम त्यांतून दामटावीं, दहा सांपडलीं तरी तीस पार होतात. सप्टेंबर १८७७ मध्यें एकशें बारा जणांच्या अशा एका टोळीस दोन शिपायांनीं अडविण्याचा प्रयत्न केला आणि दोघेही मारले गेले. त्या बिचाऱ्यांचा पगार महिना पांच रुपयांच्या घरांत. म्हणजे चार मण मीठ पार करून देणारास जेवढा कर वांचे, जवळजवळ तेवढा शिपायाचा महिन्याचा पगार! कुंपण कितीही जाड केलें तरी त्याच्या फाटकावर हा पांच रुपयांचा माणूस उभा आहे, ही गोष्ट वरिष्ठांना पुरती उमगली होती कीं नाहीं, मला शंका आहे.

१८६८ सालीं या रेषेवर २,३४० लोकांना चोरट्या व्यापाराबद्दल शिक्षा झाली. १८७७-७८ सालीं ती संख्या ६,०७७ झाली. मध्यंतरीं कुंपण कांहीं पातळ झालें नव्हतें! शेवटीं सरकारनें सांभर सरोवराचें मीठ जयपूर व जोधपूर संस्थानांकडून आपल्या हातीं घेतलें, निरनिराळ्या इलाख्यांतील कराचे दर एकमेकांच्या जवळ आणले, आणि १ एप्रिल १८७९ रोजीं ती रेषा मोडून टाकली. चोरी करण्यांत फायदा उरला नाहीं तेव्हां पहाराही लागेना. मिठावरील कर मात्र १९४७ पर्यंत चालूच होता.

रॉय मॉक्सहॅम नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं या कुंपणाचा माग काढण्यासाठीं कित्येक वर्षें हिंदुस्थानाच्या वाऱ्या केल्या; १९९८ सालीं त्यांना इटावा जिल्ह्यांत त्याचा थोडासा अवशेष सांपडला, आणि २००१ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. तें वाचून मीही नोकरींतून मोकळा झाल्यावर एकदां सकाळच्या गाडीनें बऱ्हाणपुरास जाऊन आलों. बाभळी पुष्कळ दिसल्या. त्यांतली सरकारी कोणती, हें सांगणारा कोणी भेटला नाहीं.

पकडण्याची ही विद्या इंग्रजांनीं आणली असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक प्रकरण आहे. शाळेंत संस्कृत शिकवितांना मीं तें मुलांना गोष्टीप्रमाणें सांगत असें. नगरद्वाराशीं शुल्कशाला आणि तिच्यावर ध्वज. व्यापारी आला कीं चार-पांच लेखक लिहून घेणार: तूं कोण, कोठून आलास, माल किती, आणि मुद्रा कोठें उमटविली? मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क. खोटी असेल तर आठपट दंड. शुल्क न देतां ध्वज ओलांडला तरी आठपट. आणि मजेची गोष्ट ही कीं, व्यापाऱ्याच्या वेषांतील हेर तांड्याबरोबरच चालत येऊन मालाची खरी मोजदाद राजाला आधींच कळवीत असे! मग राजानें ती अध्यक्षास सांगावी, आणि अध्यक्षानें व्यापाऱ्यास तोंडावर सांगावें कीं तुझा माल इतका आहे, लपवूं नकोस. विवाहाचा माल, सासरीं निघालेल्या वधूचें सामान, यज्ञ, मुंज यांच्या वस्तु यांना शुल्क माफ. पण खोटें सांगून ही सवलत घेणारास चोराचा दंड. आजच्या खात्यास मुद्रेच्या जागीं पावती आणि वेषधारी हेराच्या जागीं खबऱ्या मिळाला आहे, एवढाच काय तो फरक. पत्त्यासह पक्की बातमी आणून देणारास जप्त मालाच्या किंमतीच्या शेंकडा वीसपर्यंत बक्षीस देण्याची सरकारी पद्धत आहे, आणि मोठ्या जप्त्यांच्या मुळाशीं बहुधा असा एखादा नाराज भागीदार किंवा पैसे न मिळालेला हमाल असतो.

आतां दुसरी गोष्ट. मिठाची जागा पुढें सोन्यानें घेतली. स्वातंत्र्यानंतर परवान्यावांचून सोनें आणण्यास बंदी होती. १९६० च्या सुमारास जगाच्या बाजारांत सोनें तोळ्यास साडेबासष्ट रुपये पडे आणि मुंबईंत जवळजवळ त्याच्या दुप्पट. पुन्हां तोच प्रकार. फक्त बऱ्हाणपूरच्या कुंपणाऐवजीं मध्यें अरबी समुद्र. दुबईहून निघालेलीं गलबतें कोंकणच्या आणि गुजराथच्या खाड्यांत रात्रीं येत. माल असे दहा तोळ्यांच्या लगडींचा. त्यांना लोक बिस्किटें म्हणत. एका बिस्किटाचें वजन ११६.६४ ग्रॅम; त्यावर परदेशी पेढीचा छाप. जाड कापडाच्या जाकिटाला रांगेनें खिसे शिवून त्यांत तीं भरीत आणि वरून सदरा घालीत. शंभर बिस्किटें म्हणजे साडेअकरा किलोंहून अधिक ओझें. एवढें ओझें छातीपाठीवर घेतलेला माणूस खुर्चीवरून उठतांना हातानें आधार घेतो, जिना चढतांना लवकर धापा टाकतो आणि उकाड्यांतही सदऱ्याचें बटण काढीत नाहीं. मुरलेला अधिकारी त्याचें सामान उघडण्याच्या आधीं त्याची चाल पाहतो.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें, मोरारजी देसाई अर्थमंत्री असतांना सुवर्णनियंत्रण आलें. नवे दागिने चौदा कॅरटांहून अधिक चोख करावयाचे नाहींत असा हुकूम झाला, आणि हजारों सोनारांचे हात रिकामे झाले. चौदा कॅरटांची अट पुढें सुटली, पण १९६८ च्या कायद्यानें सामान्य गृहस्थास लगड जवळ बाळगण्याचीच मनाई केली. दागिने ठेवतां येत; एका माणसाचे दोन हजार ग्रॅमांपुढें किंवा कुटुंबाचे चार हजार ग्रॅमांपुढें गेले तर सरकारास कळवावें लागे. हा कायदा १९९० सालीं रद्द झाला. चोख सोन्याबद्दल ज्याची ख्याति दूरवर आहे त्या आमच्या जळगांवच्या सराफ बाजारानें हीं सत्तावीस वर्षें कशीं काढलीं, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९७४ सालीं मी चौदा वर्षांचा होतों व सुटींत आजोळीं गेलों होतों. आजोळ धुळें जिल्ह्यांतलें, आग्रा रस्त्यापासून फार आंत नव्हे. मामा कोर्टांत कारकून. मोठ्या मामेबहिणीचें लग्न ठरलें होतें, आणि दोन एकर कोरडवाहू विकून आलेला पैसा घरांत होता. अशा वेळीं ओळखीच्या एका माणसानें मामांना बाजारभावापेक्षां तोळ्यामागें कांहीं रुपये कमी घेऊन एक बिस्कीट दिलें. मामींनीं विचारलें, "अहो, हें आलें कोठून?" मामा म्हणाले, "आपल्याला काय करायचें? सोन्यावर काय मालकाचें नांव लिहिलेलें असतें?"

नांव होतें. सोनारानें अर्धें बिस्कीट तोडून मुशींत घातलें होतें, आणि उरलेल्या अर्ध्यावर परदेशी छापाचीं चार अक्षरें शाबूत होतीं. कस्टमचे लोक त्या सोनाराकडे दुसऱ्याच कोणाच्या बातमीवरून आले होते. त्याच्या वहींत मामांच्या नांवापुढें वजन लिहिलेलें सांपडलें, आणि दिवेलागणीच्या सुमारास ते आमच्या दारांत उभे राहिले. तिघे अधिकारी, एक बाई, आणि शेजारचे दोन गृहस्थ पंच म्हणून. आरडाओरडा नाहीं, दमदाटी नाहीं. अधिकाऱ्यांनीं प्रथम स्वतःच्या अंगाची झडती घ्या म्हणून मामांना सांगितलें, मग घर पाहिलें. बायकांच्या अंगावरचें त्या बाईंनीं आंतल्या खोलींत पाहिलें. स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावी असें कायद्यांत आहे.

देवघराच्या पुढें धुतलेलें धोतर अंथरून त्यावर घरांतले सगळे दागिने मांडले. आजी एका बाजूला बसली होती. वडील अधिकाऱ्यांनीं तिच्या पाटल्या हातांत घेतल्या, दिव्यापाशीं नेल्या, आंतल्या बाजूनें अंगठा फिरविला.

"आजीबाई, या तुमच्या?"

"माझ्या सासूबाईंच्या."

"पावती आहे?"

"पावती कोठली रे बाबा! तेव्हां सोनार घरीं येऊन ओसरीवर बसून घडवीत असे."

त्यांनीं पाटल्या तिच्यापुढें ठेवल्या. पंचनाम्यांत त्यांचें वजन लिहिलें आणि पुढें "परत" असें लिहिलें. मीं धीर करून विचारलें कीं, या जुन्या आहेत हें आपण कशावरून ओळखलें? ते म्हणाले, "बाळ, पाटली चाळीस वर्षें हातांत राहिली कीं आंतून झिजते आणि नक्षींत मळ बसतो. तो मळ कोणाला चोरून आणतां येत नाहीं." गोठ पोकळ होते; त्यांतील लाख जुनी होऊन तडकलेली दिसत होती. तेही परत मिळाले. ठुशी नवी, पण तिची सराफाची पावती मामींनीं डब्यांतून काढून दिली. ज्याला जन्म सांगतां येईना असें एकच सोनें होतें.

तें सोनें सोनाराकडून जप्त झालेलेंच होतें, मुशींतल्या अर्ध्यासकट. सीमाशुल्काच्या १९६२ च्या कायद्याचें शहाणपण येथें दिसतें. चोरट्या मालाचें रूप पालटलें तरी तो जप्तीस पात्र राहतो. दुसऱ्या सोन्यांत मिसळून वेगळा काढतां येण्याजोगा राहिला नाहीं तर सगळा गोळाच अडकतो. आणि चोरटा आहे हें जाणून विकला तर त्याचे पैसेही. पण त्या घरास सर्वांत जड गेलें तें कलम १२३. एरवीं जो आरोप करतो त्यानें तो सिद्ध करावा, हा आपल्या व्यवहाराचा नियम. सोन्याच्या बाबतींत तो उलटा आहे. हें सोनें चोरटें असावें असें अधिकाऱ्यास सकारण वाटून त्यानें तें जप्त केलें, कीं तें चोरटें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ तें मिळालें त्याच्यावर पडतो. विकणाऱ्या इसमानें मामांस मीं ओळखतच नाहीं म्हणून सांगितलें.

आणखी एक चूक मामांच्या हातून झाली, आणि ती त्यांना कोर्टांतल्या नोकरीमुळेंच नडली. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब पुराव्यांत धरीत नाहींत, हें त्यांना तोंडपाठ होतें. म्हणून जबाबासाठीं बोलावलें तेव्हां त्यांनीं सगळें सविस्तर लिहून दिलें. बाजारभावापेक्षां स्वस्त मिळालें तेव्हां शंका आली होती, हेंही. पण कस्टमचा अधिकारी या कामापुरता पोलीस नव्हे असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या कांहीं वर्षें आधींच ठरविलें होतें. कलम १०८ खालीं त्याच्यापुढें दिलेला जबाब पुराव्यांत धरतात. मामांचें स्वतःच्या वळणदार अक्षरांतलें पत्रकच त्यांच्यापुढें ठेवण्यांत आलें.

जप्तीनंतर सहा महिन्यांच्या आंत कारणें दाखवा म्हणून नोटीस द्यावी लागते. ती मुदत वरिष्ठांना आणखी सहा महिने वाढवितां येते, आणि तेवढ्यांतही नोटीस निघाली नाहीं तर माल परत करावा लागतो. मामांनीं रोज पंचांगावर खुणा करून दिवस मोजले. नोटीस मुदतींत आली. सुनावणी झाली, बाजू मांडण्यास वेळ मिळाला, निकाल झाला: सोनें सरकारजमा, वर दंड. दोन एकर जमीन गेली ती गेलीच. अधिकाऱ्यांनीं लबाडी केली असें मामा कधीं म्हणाले नाहींत, आणि तेंच त्यांना अधिक लागलें असावें. आजीनें त्याच पाटल्या मोडावयास काढून दिल्या, आणि लग्न ठरल्या तिथीला झालें. मोडीची पावती मामांनीं सराफाकडून आग्रहानें लिहून घेतली. ती त्यांच्या मागें पोथ्यांच्या बासनांत निघाली.

हल्लीं सोनें आणण्यावर बंदी नाहीं, कर आहे. आणि चोरी त्या कराच्या प्रमाणांत चढते-उतरते. जुलै २०२२ मध्यें हा कर शेंकडा पंधरापर्यंत गेला होता. जुलै २०२४ मध्यें तो सहावर आणला गेला. चोरण्याच्या तऱ्हाही पालटल्या. सोन्याची पूड मेणासारख्या पदार्थांत कालवून तिची लगदी पट्ट्यांत भरतात, कपड्यांच्या अस्तराला लावतात, किंवा गोळ्या करून शरीराच्या आंत लपवितात. त्यावर उपाय म्हणून यंत्रें आलीं, पण यंत्राच्या मुळाशीं आर्किमिडीजच आहे. सोनें पाण्याच्या एकोणीस पट जड, शिसें अकरा पट. क्ष-किरणांपुढें एवढी जड धातु काळी ठिक्कर दिसते, आणि इस्त्रीच्या पोटांत किंवा पंप्याच्या मोटारींत जेथें लोखंड असावें तेथें त्याहून काळें कांहीं दिसलें कीं पेटी उघडली जाते. शरीराचें क्ष-किरण चित्र मात्र अधिकाऱ्यास आपल्या मर्जीनें काढतां येत नाहीं. प्रवासी कबूल नसेल तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. अंगझडतीच्या वेळीं राजपत्रित अधिकाऱ्यापुढें किंवा मॅजिस्ट्रेटपुढें न्या, असें म्हणण्याचा हक्कही प्रवाशास आहे. हा हक्क पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसतो.

बंदरावर रोज इतके डबे उतरतात कीं प्रत्येक डबा उघडणें अशक्य. तेथें कागद वाचतात. जुनें लोखंड म्हणून लिहिलेला माल त्याच्या किंमतीच्या मानानें फार दूरवरून कां आणला? कालपर्यंत कापड आणणाऱ्या पेढीनें आज एकदम फरशा कां मागविल्या? अशा विसंगति हल्लीं गणकयंत्र हेरतें आणि तेवढेच डबे बाजूला काढतें. १९५७ सालीं स्थापन झालेलें महसूल गुप्तचर संचालनालय असे धागे देशभर जुळवीत असतें, आणि त्यांचा हात किनाऱ्यावर थांबत नाहीं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते एकमेकांस छेदतात त्या धुळ्यासारख्या ठिकाणींही मोटार थांबवून तपासण्याचा अधिकार कायदा देतो.

तरीही त्या पांच रुपयांच्या शिपायाची गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्यें रायगड जिल्ह्यांत दिघी आणि शेखाडी येथें चोरटा माल उतरला. किनाऱ्यावर नेमलेल्या कांहीं अधिकाऱ्यांनीं पैसे घेऊन डोळेझांक केली. नेहमींप्रमाणें चांदी असेल, अशी त्यांतील कित्येकांची समजूत होती. त्या पोत्यांत स्फोटकें होतीं. १२ मार्चला मुंबईंत २५७ माणसें मेलीं. पुढें विशेष न्यायालयानें ज्यांना शिक्षा ठोठावल्या त्यांत कस्टमचे अधिकारीही होते.

पुतण्यास मीं चार दिवसांनीं फोन केला. त्यास सांगितलें कीं, २०१६ च्या नियमांत एक वर्षाहून अधिक काळ परदेशीं राहिलेल्या पुरुषास वीस ग्रॅम आणि स्त्रीस चाळीस ग्रॅम दागिने बिनकराचे आणतां येत. पण त्याला अनुक्रमें पन्नास हजार व एक लाख रुपयांची मर्यादा होती, आणि सोन्याचा भाव इतका चढला कीं ग्रॅमांच्या किती तरी आधीं रुपये संपत. हे नियम वेळोवेळीं बदलतात. निघण्यापूर्वीं ताजे पाहा. अधिक आणावयाचें असेल तर लाल फाटकानें जा, कर भर, आणि पावती जपून ठेव.

"तें ठीक आहे, काका," तो म्हणाला, "पण हिच्या हातांत लग्नांतल्या पाटल्या आहेत. त्या आपल्याच सराफाकडच्या. येतांना नेहमीं असतात अंगावर. त्यांचें काय?"

मीं विचारलें, "जातांना विमानतळावर त्यांचा दाखला करून घेतला होता का? नेलेले दागिने परत आणतांना तो उपयोगी पडतो."

"नाहीं हो. असा दाखला मिळतो हें आत्तांच ऐकतों आहें."

"मग सराफाची पावती?"

"ती बाबांकडे असेल."

मीं ओटीकडे पाहिलें. त्याचे बाबा, म्हणजे आमचे वडील बंधु, आखाजीच्या दिवशीं हंसले होते तेच, हातांतला अडकित्ता ठेवून उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खालीं काढण्यासाठीं शिडी शोधूं लागले.